एका फटक्यात वजाबाकी की पानागणिक चाचपणी?
गोव्यातल्या फर्मागुडीला इंजिनीअरिंगच्या पोरांत असेंब्ली (प्रोसेसरच्या थेट आज्ञांची भाषा) लिहिताना हा वाद हमखास निघतो: स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या, खाली वाढणाऱ्या मेमरीत) २० केबीचा बफर, म्हणजे डेटाची जागा हवी, तर आरएसपी या स्टॅकचं टोक दाखवणाऱ्या रजिस्टरमधून थेट २०,४८० वजा करावे, की मेमरीच्या ४,०९६ बाइटांच्या प्रत्येक पानाला (पेजला) हात लावत उतरावं?

पहिली रीत एका ओळीची; छोट्या फ्रेमला (एका फंक्शनच्या स्टॅकवरच्या जागेला) तीच बरी. पण विंडोजवर स्टॅकखाली गार्ड पान असतं. त्याला स्पर्श झाला तरच पुढचं पान मिळतं. ओलांडून पलीकडे लिहिलंत की प्रोग्रॅम आडवा. सी लिहिताना कंपायलर गुपचूप चेकस्टॅक हे चाचपणी करणारं तयार फंक्शन बोलावतो, असेंब्लीत ते आपल्याच गळ्यात. लिनक्स सहसा चालवून घेतो (पोरं फसतात ती इथेच!), पण २०१७च्या स्टॅक क्लॅशनंतर (स्टॅक शेजारच्या मेमरीवर आदळवणाऱ्या सुरक्षा-त्रुटींनंतर) तिथेही मोठी उडी नकोच.

मी चाचपणीवाला. पानामागे एखादी जादा सूचना (इन्स्ट्रक्शन), बस्स. दुसऱ्या फंक्शनला कॉल करण्याआधी आरएसपीला १६ने भाग जातोय ना, हे मात्र दोन्हीकडे बघा.