चवड्याखालची सिलिकॉन गादी: पाचपैकी चार

शिवणाचं पायमशीन चालवून माझ्या उजव्या चवड्याखाली चांगला जाडजूड घट्टा झालाय. कॉर्न कॅप, म्हणजे घट्ट्यावर चिकटवायची औषधी पट्टी, लावली की कातडी पांढरी पडून निघते आणि घट्टा पुन्हा हजर. निघणारच कसा? पट्टीतलं सॅलिसिलिक ॲसिड वरचा मेलेला थर सोलतं, दाब तसाच राहतो. सतत दाब आणि घासणं असलं की त्वचेच्या तळच्या पेशी भराभर वाढतात, वर सरकताना केराटिन या चिवट प्रथिनानं भरून चपट्या होतात, मरतात. झडण्याआधीच थरावर थर चढतो.

म्हणून बोटात अडकवायची ही गादी घेतली. दाब पसरवते, काम चोख. पण खालची पेशी वर येऊन झडायला महिनाभर तरी लागतो, तेव्हा आठवड्यात निकाल मागू नका. माझा घट्टा मऊ झालाय, पायडल मारताना टोचत नाही.

तक्रार एकच, घाम. चपलेत सरकते, रोज साबणानं धुवावी लागते, नाहीतर कापडाचा सगळा भुगा तिलाच चिकटतो. जोडीच मिळते, दुसरी बहिणीनं नेली. मधुमेहवाल्यांनी मात्र कॉर्न कॅपच्या वाटेला जाऊ नये, आधी डॉक्टरांना पाय दाखवावा.