पीएसयू टेस्टर बरेच महिने वापरल्यावर: कामाचा आहे, पण अर्धंच सांगतो

पॉवर सप्लाय (पीएसयू, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज देणारा भाग) तपासायचा टेस्टर म्हणजे तो स्क्रीनवाला छोटासा डबा, ज्यात सप्लायची मदरबोर्डला जाणारी २४ पिनची केबल खुपसली की व्होल्टेजचे आकडे दिसतात. स्वतःचा पीसी बिल्ड करताना घेतला होता, मग मित्रांचे, नातेवाइकांचे "चालू होत नाहीये रे, बघ ना" वाले पीसी आपोआप माझ्याकडे यायला लागले, त्यामुळे वापर भरपूर झालाय. मत आधीच सांगून टाकतो. सप्लाय मेलाय का, हे अर्ध्या मिनिटात कळतं. सप्लाय धड आहे का, हे कळत नाही. बॉक्सवर मात्र दोन्ही कळतं अशा थाटात लिहिलंय.

आधी चांगलं सांगतो. पूर्वी आपण सगळे क्लिपवाला जुगाड करायचो, २४ पिनमधली हिरवी वायर (१६ नंबरची पिन) शेजारच्या काळ्या वायरला जोडायची आणि पंखा फिरतोय का बघायचं. त्यात कळतं काय, तर पंखा फिरतो! आणि आजकालच्या बऱ्याच सप्लायचा पंखा लोड कमी असला की फिरतच नाही, मुद्दाम तसं डिझाइन असतं, त्यामुळे चांगला सप्लाय लोक मेला म्हणून परत पाठवतात. टेस्टरवर निदान आकडा दिसतो. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये, ५ ची ४.७५ ते ५.२५ मध्ये, ३.३ ची साधारण ३.१४ ते ३.४७ मध्ये, म्हणजे पाच टक्के इकडे तिकडे चालतं. त्याबाहेर गेलं की हा डबा कर्कश बोंबलतो, रात्री टेस्ट करू नका, घरचे उठतात.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पीजी (पॉवर गुड) नावाच्या आकड्याचा. सगळी व्होल्टेज स्थिर झाली की सप्लाय करड्या वायरवरून मदरबोर्डला "आता चालू हो" असा सिग्नल देतो, तो १०० ते ५०० मिलिसेकंदांत यायला पाहिजे. एका ओळखीच्याचा पीसी सकाळी पहिल्यांदा बटण दाबलं की नुसते पंखे फिरायचे, डिस्प्ले नाही, रिसेट मारला की मग व्यवस्थित चालायचा, दिवसभर कटकट नाही. रॅम बदलून झाली, बायोस अपडेट झाला, विंडोजसुद्धा नवीन टाकून झाली (डिस्प्लेच येत नसताना विंडोज का, ते विचारू नका). टेस्टरला लावला तर व्होल्टेज सगळी बरोबर पण थंड सप्लायला पीजीचा आकडा लुकलुकत होता, गरम झाल्यावर नॉर्मल. सप्लाय बदलला, विषय संपला. हे साध्या मल्टिमीटरवर दिसणं अवघड आहे.

आता तक्रार. हा टेस्टर आतल्या आत अगदी किरकोळ लोड देतो आणि ग्राफिक्स कार्डवाल्या पीसीचा त्रास नेमका लोड आल्यावरच सुरू होतो. गेम सुरू केला की काही मिनिटांत फटकन बंद, ब्लू स्क्रीन वगैरे काही नाही, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडलेल्या गोष्टींची नोंदवही) फक्त कर्नल पॉवर ४१, आणि ते ४१ म्हणजे "मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं" एवढंच, कारण सांगत नाही. असाच एक पीसी आला होता, टेस्टरवर १२ ची लाइन १२.१, सगळं हिरवंगार. मग मल्टिमीटर घेतला, चालू पीसीत मोकळ्या मोलेक्स (चार पिनांच्या जुन्या) कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या वायरला प्रोब लावले (जपून, प्रोब एकमेकांना टेकले तर शॉर्ट) आणि ग्राफिक्स टेस्ट सुरू केली. १२.०, ११.७, मग ११.३ वर जाऊन रेंगाळला आणि खट्. टेस्टर हे कधीच दाखवू शकला नसता.

आणि मल्टिमीटरही सगळं पकडतो असं नाही. नवीन कार्ड अगदी क्षणभर सरासरीपेक्षा खूप जास्त वॅट ओढतात, मीटर तेवढा फास्ट नसतो, आकडा ठीक दिसतो आणि सप्लायचं प्रोटेक्शन तरी ट्रिप होतं, म्हणजे तो स्वतःहून बंद पडतो. म्हणूनच २०२२ च्या एटीएक्स ३.० या सप्लायच्या स्टँडर्डमध्ये मोठ्या सप्लायने रेटिंगच्या दुप्पट झटका १०० मायक्रोसेकंद सहन करावा असं आलं. अशा केसमध्ये दुसरा चांगला सप्लाय लावून बघणे हाच खरा टेस्टर.

बाकी, "पॉवर प्रॉब्लेम" म्हणून आलेल्या निम्म्या मशीनमध्ये सप्लायचा संबंधच नव्हता. सीपीयूची वेगळी ८ पिनची केबल लावलेलीच नाही, कॅबिनेटचं बटण खराब (बोर्डवरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर टेकवल्या की कळतं), बोर्डखाली एक जास्तीचा स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा धातूचा खुंटा) राहिलाय आणि शॉर्ट होऊन पंखा एक गिरकी घेऊन थांबतोय. डीडीआर५ वाला नवीन बिल्ड तर पहिल्यांदा रॅम ट्रेनिंग (बोर्ड रॅमची सेटिंग जुळवून घेतो ते) करताना काही मिनिटं काळ्या स्क्रीनवर बसतो, लोक घाबरून बटण दाबून बंद करतात. इथे टेस्टरचा फायदा एवढाच की सप्लायवरचा संशय पटकन जातो.

एक धोक्याचं. याच्या साटा (डिस्कला पॉवर देणाऱ्या केबलच्या) पोर्टवर फक्त दिवे लागतात, आकडे दिसत नाहीत. मॉड्युलर (केबल काढता-लावता येतात अशा) सप्लायच्या केबल एका ब्रँडच्या दुसऱ्याला लावायच्या नाहीत, सप्लायकडच्या टोकाला पिनांचा क्रम ठरलेला नसतो, ५ च्या जागी १२ गेले की डिस्क जळालीच. तेव्हा दिवा लागला म्हणून केबल बरोबर, असं समजू नका.

बिल्ड एकदाच करणार असाल तर घेऊ नका, साधा मल्टिमीटर घ्या, तो घरात इतरही कामाला येतो. चार लोकांचे पीसी बघत असाल तर घ्या. फक्त माझ्याकडच्या मॉडेलला नव्या कार्डांचा १६ पिनवाला पोर्ट नाही, घेताना तेवढं बघून घ्या.