घरी बनवलेला ड्रम सँडर : आठ महिन्यांत काय टिकलं, काय बदलावं लागलं

मिरजेतल्या एका छोट्या फर्निचर वर्कशॉपात मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत रोज दोन-तीन तास चाललेल्या ४५० मिमी रुंद ड्रम सँडरबद्दल हे लिहितोय, म्हणजे सँडपेपर गुंडाळलेला फिरता ड्रम, ज्याच्याखालून फळी घासून निघते. फळी हाताने सरकवायची, कन्व्हेअर नाही. आधीच सांगतो, हे यंत्र म्हणजे रंधा नव्हे. अर्धा इंच जाडी याच्यावर उतरवायला गेलात तर पेपर जळतो, बेल्ट ओरडतो आणि शिव्या मोटारीला पडतात.

ड्रम १८ मिमी एमडीएफच्या २५ चकत्यांचा. चकत्या १३० मिमीच्या कापून घेतल्या आणि २५ मिमीच्या ब्राइट बारवर (गुळगुळीत लोखंडी सळई, हाच शाफ्ट) फेव्हिकॉल लावून बसवल्या. एकदम पंचवीस चिकटवू नका, ओल्या गोंदावर त्या सरकतात. पाच-पाचचे गठ्ठे करून दाबायचे. दोन्ही टोकांना शाफ्टमधून आरपार ६ मिमीची पिन घालून ती शेवटच्या चकतीतल्या खाचेत बसवली आहे, नाहीतर जोर पडल्यावर शाफ्ट फिरतो आणि ड्रम जागेवर राहतो. मग कुपवाडच्या लेथवर टर्निंग करून १२५ मिमी. बेअरिंग यूसीपी २०५, मोटार २ एचपी सिंगल फेज, १४४० आरपीएम, दोन्हीकडे सारख्याच पुली. पेपरचा वेग सेकंदाला साधारण साडेनऊ मीटर येतो आणि तो बरोबर आहे. स्वस्तात मिळते म्हणून २८८० ची मोटार याच पुलींवर लावली तर वेग दुप्पट होतो आणि सागवानावर काळे पट्टे उमटतात.

सगळी गोम टेबलात आहे. ड्रमपेक्षा टेबलावर जास्त वेळ घालवा. टेबलाला एका कडेला बिजागरी, दुसऱ्या कडेला उचलणारा एम-१६ बोल्ट. बिजागरीपासून ड्रम ३०० मिमीवर आणि बोल्ट ६०० मिमीवर ठेवला की बोल्टचा एक फेरा म्हणजे दोन मिमी, पण ड्रमखाली एकच मिमी. पाव फेरा म्हणजे पाव मिमी, हिशेब डोक्यात होतो. चूक झाली ती इथेच. पहिलं टेबल १८ मिमी प्लायचं एकेरी होतं आणि बोल्ट मधोमध. दोन फूट लांब फळी काढून व्हर्नियर लावला तर डावी कड १९.२ आणि उजवी १९.६. फळी उलटी फिरवून घातली तरी यंत्राची उजवी बाजू जाडच. म्हणजे फळीचा दोष नव्हता, टेबल पिळवटत होतं.

आताचं टेबल दोन प्लाय चिकटवून ३६ मिमीचं आहे, खाली ४० मिमीचे दोन अँगल आडवे. सनमायका वर आणि खाली दोन्हीकडे लावला, एकाच बाजूला लावला तर पहिल्याच पावसात टेबल धनुष्यासारखं वाकतं. पियानो बिजागरी काढून टाकली, तिच्यात हलणं असतं. त्याजागी पूर्ण रुंदीचा पाइप आणि त्यातून १२ मिमीचा रॉड. बोल्ट फिरवताना शेवटची हालचाल नेहमी वरच्या दिशेने हवी. खाली आणायचं असेल तर अर्धा फेरा जास्त उतरवून परत वर या, म्हणजे आट्यांमधली ढील निघते. टेबल पक्कं झाल्यावर सपाट बोर्डावर ६० नंबरचा पेपर चिकटवून तो चालू ड्रमखालून हलक्या हाताने काढला. ड्रम टेबलाला समांतर घासला गेला. आता दोन कडांतला फरक ०.१ मिमीच्या आत आहे.

पेपर कापडी पाठीचा, १०० मिमी रुंद रोल, ड्रमवर मळसूत्रासारखा तिरका गुंडाळायचा. वेल्क्रो लावायचा मोह टाळा. तो मऊ असल्याने फळीच्या कडा गोल करतो. ड्रमचा घेर ३९३ मिमी, म्हणून पट्टीचं टोक साधारण तेवढ्याच लांबीच्या तिरक्या कापाने काढायचं. दोन्ही टोकांसह एक पट्टी सव्वादोन मीटरच्या आत बसते. पहिली नीट बसलेली पट्टी फेकू नका, तोच पुढचा फर्मा. टोकांना फिलामेंट टेप. दहा मिनिटं चालवलं की पेपर गरम होऊन सैल पडतो. तेव्हा थांबवून पुन्हा ताणून बांधा, नाहीतर सैल घडी फाटते आणि ड्रमभोवती फटाफट वाजत सुटते.

८० नंबरला एका वेळी पाव मिमी, १२० ला त्याच्या निम्मं. मीटरभर फळी साधारण २५ सेकंदांत जावी. मध्ये हात थांबला की तिथे आडवा खड्डा पडलाच. फळी ड्रमच्या फिरण्याच्या विरुद्ध ढकलायची, त्यामुळे ती सुटली तर अंगावरच येते. उभं राहायचं बाजूला. एक फुटापेक्षा लहान तुकडा तसाच घालू नका, मागे थोपण असलेल्या पाटावर ठेवून न्या. सरळ ओरखडे राहतात ते शेवटी ऑर्बिटल सँडरवर १५० ने काढावेच लागतात.

पेपर भरतो तो मुख्यतः गाठी, चीक आणि सुकलेल्या फेव्हिकॉलमुळे. जोडाचा गोंद आधी पटाशीने खरवडा. एकदा ड्रमवर चिकाची काळी रेघ बसली की प्रत्येक फळीवर त्याच जागी जळकी रेघ येते. जुन्या स्लीपरचा क्रेप सोल चालू ड्रमला धरला की बरंच साफ होतं.

जुन्या वाड्यांचं सागवान हा इथला खास धोका. ते दिसायला झकास, पण आत तुटके खिळे. एक खिळा अख्खी पट्टी चिरतो, आणि ठिणगी भुशाच्या पिशवीत गेली तर तासाभराने धूर दिसतो. आधी लोहचुंबक फिरवा, आणि संध्याकाळी पिशवी बाहेर रिकामी करा.

जुलैत ड्रमच फुगला. एमडीएफची टोकं उघडी राहिली होती. पुन्हा घासून सगळीकडे पातळ इपॉक्सीचे दोन हात दिले, त्यानंतर त्रास नाही. दुसरी वेळ आली तर मरीन प्लायच्या चकत्या घ्याव्यात, हे मत आता पक्कं आहे.

मोटारीच्या पुलीचा नुसता ग्रब स्क्रू दुसऱ्याच महिन्यात सुटला. दोन्ही पुलींना चावी घाट (पुली शाफ्टवर फिरू नये म्हणून चावी बसवायची खाच) पाडून घ्या, लेथवर ड्रम असतानाच. साधा स्विच अजिबात नको. लाइट जाऊन आली की ड्रम आपोआप सुरू होतो, आणि त्या वेळी हात पेपर बदलत असू शकतो. डीओएल स्टार्टर लावला की तो प्रश्न मिटतो, लाइट आली तरी बटण दाबल्याशिवाय तो मोटार सुरू करत नाही. पेपर बदलताना मात्र प्लग काढायचाच.

भुसा फार बारीक असतो. झाकणाला चार इंची तोंड ठेवा. घरगुती व्हॅक्यूमचा फिल्टर अर्ध्या तासात गच्च होतो, म्हणून मध्ये सायक्लोनची बादली (हवा गरगर फिरवून भुसा आधीच खाली पाडणारी) हवीच. तरीही एन-९५ मास्क सोडू नका. लाकडाची धूळ कॅन्सरकारक म्हणून नोंदलेली आहे.

हे सगळं करून शिसवाच्या उलटसुलट नसांच्या फळ्या, तीन मिमीच्या पट्ट्या, एंड-ग्रेनचे कटिंग बोर्ड, जिथे रंधा मशीन लाकूड उपटतं, तिथे याला तोड नाही. सतारमेकर गल्लीतल्या तबलीला (सतारीच्या भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला) मात्र हे चालायचं नाही. ती थोडी फुगीर असते, आणि हे यंत्र फक्त सपाट जाणतं.