दहा वर्षांच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट : सात महिन्यांच्या वापरानंतर

माझा लॅपटॉप २०१६ सालचा आहे. सहाव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. घेतला तेव्हा लेक बालवाडीत जात होती, आता ती दहावीत जाईल. मी मराठी शिकवते, त्यामुळे दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, शाळेच्या वार्षिकांकाचे लेख, पालकांना द्यायच्या सूचना, सगळं याच यंत्रावर झालंय.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. नोंदणी करून सुरक्षा-अपडेट आणखी एक वर्ष मिळवायची सोय होती, पण त्यानंतर पुन्हा हाच प्रश्न उभा राहणार होता. विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे माझा लॅपटॉप त्यात बसतच नव्हता. स्टँडजवळ माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने उघडून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, याला भंगारात घाला. हजार रुपये आले तरी नशीब." मला ते पटेना. कळा चालतात, स्क्रीनवर एक ठिपका मेलेला नाही, बिजागरीही घट्ट आहे. नुसत्या तारखेवरून चालतं यंत्र टाकून द्यायचं, हे मनाला लागलं.

विंडोजच्या जागी फुकट बसवता येणारी प्रणाली म्हणून लिनक्सचं नाव त्यानेच काढलं. "पण तुम्हाला जमेल का?" असंही विचारलं. दिवाळीच्या सुट्टीत त्याचाच मिंट नावाचा प्रकार बसवला. आज सात महिने झाले, रोज वापरते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, कारण लोक ती सांगत नाहीत. लॅपटॉप पळायला लागला याचं सगळं श्रेय लिनक्सचं नाही. त्याच वेळी मी फिरती डिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घातली आणि रॅम ८ जीबी केली. विद्यार्थ्याने मजुरी घेतली नाही, एकूण खर्च साडेतीन हजारांच्या आत झाला. पूर्वी बटण दाबून मी चहा टाकायला जायची आणि चहा गाळून आले तरी ते गोल फिरतच असायचं. आता घड्याळ लावून पाहिलं, तर पासवर्ड मागेपर्यंत सव्वीस सेकंद लागतात. यातला मोठा वाटा एसएसडीचाच आहे. ज्यांना विंडोज सोडायचंच नाही त्यांनीही फिरती डिस्क तेवढी बदलून बघावी.

मिंट बसवणं जमलं. सुमारे तीन जीबीची फाइल उतरवली, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवली आणि लॅपटॉप त्यावरूनच सुरू केला. तसं केलं की काही न पुसता सगळं नुसतं वापरून पाहता येतं, आणि ते प्रत्येकाने करावंच. मी केलं म्हणून आधीच कळलं की वायफाय दिसत नाहीये. फोन केबलने जोडून त्याचं इंटरनेट घेतलं, मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरने हवा तो ड्रायव्हर (वायफाय चालवणारा छोटा प्रोग्राम) सुचवला, एकदा बंद करून चालू केलं आणि वायफाय आलं. ती केबल हाताशी नसती तर त्या रात्री मी नाद सोडला असता.

आता मराठीबद्दल, कारण हे सगळं लिहायला बसले ते त्यासाठीच.

इतकी वर्षं मी इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणारं एक साधन वापरत होते. ते इथे चालेना. मग मिंटच्या कीबोर्डच्या यादीत 'मराठी, एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट' (इनस्क्रिप्ट म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळरचना) दिसला तो घेतला आणि रोज रात्री वीस मिनिटं बसून शिकले. पहिल्या आठवड्यात एका ओळीला पाच-पाच मिनिटं लागत. तिसऱ्या आठवड्यात बोटं आपोआप जायला लागली. खरं तर इनस्क्रिप्ट विंडोजमध्येही पूर्वीपासून आहे. मीच कधी तिकडे वळले नव्हते, आणि दहा वर्षं फुकट गेल्याची हळहळ मला खरोखर वाटते.

कारण हा कीबोर्ड आपली वर्णमाला ओळखून बनवलेला आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. नुसती कळ दाबली की क, शिफ्टसह ख. तसंच ग-घ, च-छ, ट-ठ, त-थ, प-फ. अल्पप्राणाच्याच कळीवर त्याचा महाप्राण. ल आणि ळ एका कळीवर, स आणि श एका कळीवर. स्वरांचंही तसंच, नुसती कळ दाबली की मात्रा आणि शिफ्ट दाबून पूर्ण स्वर. मला सगळ्यात आवडलेली कळ डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली आहे. ती नुसती दाबली की हलन्ताचं चिन्ह उमटतं, शिफ्ट दाबून अ. व्यंजनातला अ काढून टाकायचं चिन्ह आणि तो अ, दोन्ही एकाच जागी! मी नववीच्या मुलांना पाय मोडणं म्हणजे काय हे फळ्यावर शिकवते. या वर्षी ही कळ दाखवून शिकवलं आणि मागच्या बाकावरच्यांनाही कळलं.

आणि ऱ. आपल्या भाषेत दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरामधल्या. आचार्यांना नमस्कार करायचा असतो आणि आचाऱ्यांना पंगतीचा अंदाज द्यायचा असतो. एकात रफार डोक्यावर जातो, दुसऱ्यात तो आडवा अर्धा र येतो. माझ्या जुन्या साधनात हा आडवा र पटकन येत नसे. दोन वर्षांपूर्वी सहामाहीच्या पेपरात उताऱ्यामध्ये 'सह्याद्रीच्या दर्या' असं छापलं गेलं. एका मुलीने उत्तरात प्रामाणिकपणे लिहिलं की सह्याद्रीजवळ समुद्र आहे. तिचा काय दोष? मी तिला पूर्ण गुण दिले, पण ती चूक मला फार लागली. आता शिफ्ट आणि इंग्रजी J ची कळ दाबली की ऱ, मग हलन्त, मग य. तीन ठोक्यांत ऱ्य. या वर्षीच्या वार्षिक परीक्षेच्या पेपरात दऱ्याखोऱ्या, वाऱ्यावर, कोऱ्या कागदावर असे शब्द मुद्दाम शोधून तपासले, सगळे बरोबर होते.

दुसरी गोष्ट लिब्रेऑफिसमधली, म्हणजे वर्ड-एक्सेलची कामं करणाऱ्या फुकट संचातली. मिंटबरोबर हे आयतंच येतं. त्याच्या भाषेच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' अशी, देवनागरीसारख्या लिप्यांसाठीची ओळ आहे. माझ्याकडे तिथे हिंदी होतं. मी मराठी निवडलं, आधी टाइप केलेला मजकूर निवडून त्याचीही भाषा मराठी केली, आणि डोळ्यांदेखत पानावरचे सगळे ल आणि श बदलले. तोच नोटो सॅन्स देवनागरी फॉन्ट, तीच अक्षरं. पण हिंदी वळणाचा दांडीचा ल जाऊन आपला पाकळीचा ल आला, श ला देठ आला. २००९ च्या शासन निर्णयातही हीच रूपं मराठीसाठी दिलेली आहेत. मुलांना पाटीवर एक ल गिरवायला लावायचा आणि पेपरात दुसरा ल छापायचा, हे मी इतकी वर्षं नाइलाजाने करत होते. दोन्ही रूपं फॉन्टच्या पोटातच होती, भाषा सांगायची तेवढी राहिली होती.

आता त्रास. तो आहे, आणि थोडाथोडका नाही.

बाकीचे शिक्षक वर्डमध्ये पेपर करून पाठवतात, फॉन्ट बहुधा मंगल किंवा निर्मला. ते विंडोजबरोबर येणारे फॉन्ट, माझ्याकडे नाहीत. मग त्यांच्या जागी दुसरा फॉन्ट बसतो, ओळी लांबतात, दोन पानांचा पेपर तिसऱ्या पानावर जातो आणि गुणांचा रकाना खाली घसरतो. डिसेंबरात सराव परीक्षेच्या आदल्या रात्री भूगोलाचा पेपर असा विस्कटला तेव्हा मी रडकुंडीला आले होते. शेवटी यावर उपाय म्हणून आम्ही सगळ्यांनी एकच फॉन्ट ठरवला, मुक्ता. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला, मुक्त परवान्याचा, कोणत्याही यंत्रावर फुकट बसवता येतो. मुख्याध्यापकांनी बैठकीत सांगितलं, आठवडाभरात सगळ्यांकडे आला. तेव्हापासून पानं फार हलत नाहीत. तरी शेवटची प्रत पीडीएफमध्येच मागवते.

आमच्या गणिताच्या सरांनी निकालपत्रकासाठी एक्सेलची फाइल केली आहे, आत मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या छोट्या आज्ञा) भरलेले. ती लिब्रेऑफिसमध्ये उघडते, आकडे दिसतात, पण 'श्रेणी काढा' हे बटण दाबलं की काहीच होत नाही. याला माझ्याकडे उत्तर नाही. निकालाचे चार दिवस शाळेच्या संगणकावर बसते. ज्यांचं रोजचं काम अशा फायलींवर चालतं त्यांनी मिंटवर यायची घाई करू नये.

घरचा प्रिंटर लगेच सापडला, पण त्याच यंत्रातला स्कॅनर अजून चालत नाही. कागद फोननेच टिपते. मराठी शुद्धलेखन तपासनीस वेगळा बसवावा लागतो, आणि तो मूळ शब्द ओळखतो पण प्रत्यय साचत गेले की अडखळतो. 'शाळेतल्यांनासुद्धा' असं लिहिलं की खाली लाल रेघ. निम्मं पान लाल दिसायला लागलं म्हणून मी तो बंद करून ठेवलाय.

जुन्या फायलींचं दुखणं वेगळंच. २०१६ ते १८ मधले माझे पेपर युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये होते. तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडल्यावर मराठी दिसतच नाही, नुसती रोमन अक्षरं आणि उच्चारचिन्हांचा चिखल. खरं तर आत मराठी साठवलेलंच नव्हतं, मराठीसारखे दिसणारे आकार तेवढे होते. हे विंडोजवरही कधीतरी झालंच असतं. मे महिन्यात रोज दोन-दोन पेपर, जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकातून काढते आणि डोळ्यांनी वाचून दुरुस्त करते, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास इकडचे तिकडे होतात. चव्वेचाळीस झाले, साठेक उरलेत. तुमच्याकडे असे जुने लेख, वंशावळ, वडिलांच्या आठवणी टाइप करून ठेवलेल्या असतील, तर तो फॉन्ट चालतोय तोवर बदलून घ्या. हे मी कळकळीने सांगते.

घरात बाकीच्यांचं सोपं निघालं. आईला वेगळं खातं करून दिलं, त्यात फायरफॉक्स मराठीत ठेवला. तिचं कीर्तन आणि वर्तमानपत्र एवढंच असतं. पहिल्या दिवशी तिने "नवा घेतलास का गं?" असं विचारलं. लेकीचा अभ्यास ब्राउझरमध्येच होतो, तिची काही तक्रार नाही. व्हॉट्सॲप, बँक, शाळेची पोर्टलं हेही सगळं ब्राउझरमध्ये चालतं.

एकदा मोठा घोटाळा केला मी. जानेवारीत जागा मोकळी करावी म्हणून नको वाटलेलं काहीतरी काढून टाकलं. खाली आलेली यादी न वाचता 'हो' म्हटलं, आणि त्याबरोबर खालची पट्टी आणि मेन्यूही गेला. समोर नुसतं चित्र राहिलं. दुसऱ्या दिवशी पेपर द्यायचा होता. सुरुवातीला मिंटच्या स्वागताच्या खिडकीने टाइमशिफ्ट (प्रणालीची आधीची स्थिती जपून ठेवणारं साधन) चालू करायला सुचवलं होतं आणि मी ते ऐकलं होतं, म्हणून वाचले. विद्यार्थ्याने फोनवर एकेक आज्ञा सांगितली, आदल्या आठवड्याची स्थिती परत आणली, पंधरा मिनिटांत सगळं जागच्या जागी. टाइमशिफ्ट नेहमीच्या सेटिंगमध्ये फक्त प्रणालीच्या फायली जपतं, आपले लेख आणि फोटो नाही. त्यांची प्रत मी पेनड्राइव्हवर दर रविवारी वेगळी घेते.

अपडेटची पद्धत मला मनापासून आवडली. कोपऱ्यात ढालीचं चिन्ह आहे, काही नवीन आलं की त्यावर ठिपका येतो. मी सांगेपर्यंत काही होत नाही. वर्गात प्रोजेक्टरला जोडलेलं असताना यंत्र स्वतःहून बंद-चालू होणं, हे सात महिन्यांत एकदाही घडलं नाही.

बॅटरी दहा वर्षांची आहे, ती पाऊण तासच टिकते. मिंटने त्यात काही फरक पडला नाही. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत नवीन घालणार आहे. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे लेकीची बारावी याच लॅपटॉपवर होईल. परवा बॅटरीचं विचारायला गेले तर दुकानात टेबलावर माझ्यासारखेच दोन जुने लॅपटॉप उघडे पडले होते, दोन्हीवर मिंट चढत होतं. "बाई, तुमच्यानंतर हे सहावं आणि सातवं," विद्यार्थी म्हणाला, आणि मला इनस्क्रिप्टचा तक्ता छापून मागितला, गिऱ्हाइकांना द्यायला. आज रात्री तोच करायला बसणार आहे.