वसंतातल्या ताज्या बर्फात एसएलएफचं हिमस्खलन बुलेटिन कितपत पुरतं?

स्विस आल्प्समध्ये एप्रिलमध्ये स्की टूरला (स्कींवर डोंगर चढून उतरायला) निघणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी दावोसच्या एसएलएफ या बर्फ आणि हिमस्खलन संशोधन संस्थेचं बुलेटिन वाचायलाच हवं. ते मोफत आहे, इंग्रजीतही मिळतं आणि व्हाइट रिस्क ॲपवर नकाशासकट दिसतं. भर हंगामात ते रोज संध्याकाळी 5 वाजता निघतं आणि सकाळी 8 वाजता सुधारून येतं.

बरेच जण नकाशावरचा रंग आणि आकडा (धोक्याची पातळी, 1 ते 5) बघून ॲप बंद करतात. खरा माल त्याखाली असतो: कोणत्या दिशेचे उतार, किती उंचीच्या वर, आणि धोका कोरड्या बर्फाचा की ओल्या. वसंतात बर्फ पडून गेला की दोन्ही धोके एकाच दिवशी असतात, म्हणून त्यांची वेगवेगळी मांडणी ही या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू. सावलीतल्या उत्तर उतारावर वाऱ्याने रचलेली स्लॅब (बर्फाचा घट्ट, एकसंध थर) सकाळी एका माणसाच्या वजनानेही सुटू शकते. उन्हाच्या उतारावर मात्र वितळलेलं पाणी थरांत झिरपतं, पकड सुटते आणि कोणी पाय न ठेवताही बर्फ घसरतो. आधी पूर्वेकडे, मग दक्षिणेला, दुपारनंतर पश्चिमेला.

पातळी 2 पासून पुढे उणे, बरोबर, अधिक अशी चिन्हंही असतात (धोका त्या पातळीच्या खालच्या, मधल्या की वरच्या टोकाला आहे ते सांगणारी), ती सोडू नका. पाचांपैकी 3 म्हणजे ‘मधलं, चालून जाईल’ हा समज घातक आहे. धोका पायरीगणिक झपाट्याने वाढतो आणि जीवघेणे अपघात सर्वाधिक पातळी 3 लाच होतात.

उणीव म्हणाल तर अंदाज विभागाचा असतो, तुमच्या समोरच्या उताराचा नाही. रात्री ढग राहिले तर बर्फाची उष्णता बाहेर पडत नाही, तो नीट गोठत नाही. पहाटे पाय रोवून बघा: कडक कवच फुटून बूट घोट्याच्या वर रुतला तर तीव्र उतारांचा बेत रद्द. उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप गडगडू लागले की समजा, उशीर झालाय.

30 अंशांहून तीव्र उतार रंगवून दाखवणारा नकाशाही चांगला, पण अरुंद घळी त्यात सपाट दिसू शकतात. शिवाय तुम्ही सपाटीवर असलात तरी डोक्यावरचा उतारही तपासा, हे नकाशा सांगत नाही.

हंगाम सरताना सकाळची आवृत्ती बंद होते, पुढे बुलेटिन गरजेपुरतंच निघतं. वाचण्याआधी वरची तारीख बघा.