नागपूरच्या महाल भागात पिंजून घेतलेली रजई आणि कडाक्याची रात्र

हिमाचलात बर्फाचे वादळ येणार अशी बातमी लागली, की बाबा रजया उन्हात टाकायला सांगत. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येऊन उत्तरेत पाऊस-बर्फ आणणारी हवामान प्रणाली, उत्तरेत असेपर्यंत आपल्याकडे आभाळ भरून येते आणि रात्री थोड्या उबदार राहतात. तो विक्षोभ पुढे सरकून आकाश निरभ्र झाले व उत्तरेचे कोरडे वारे सुटले, की दोन-तीन दिवसांत नागपूरचा पारा झपाट्याने उतरतो. 29 डिसेंबर 2018 रोजी येथे 3.5 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, तेव्हा दोन-दोन सिंथेटिक ब्लँकेटे पांघरूनही आमच्या घरी कोणाला धड झोप लागली नव्हती.

म्हणून यंदा आईची जुनी रजई महाल भागातील एका पिंजाऱ्याकडे दिली. खोळ उसवल्यावर आतून करड्या, दगडासारख्या घट्ट गठळ्या निघाल्या, तेव्हा ही रुई आता टाकूनच द्यावी लागणार असे मला वाटले. पिंजारी काकांनी मात्र ती यंत्रात घातली आणि पलीकडून फुलून आलेला पांढरा ढीग पाहून मी थक्क झाले. ऊब रुईच्या वजनात नसते, तिच्या तंतूंत अडकून राहिलेल्या हवेत असते. गठळ्या झाल्या की ती हवाच उरत नाही, असे त्यांनी समजावले. अर्धा किलो नवी रुई घालून त्यांनी वीतभर लांबीच्या सुईने, खडूची एकही रेघ न आखता, हाताने टाके घातले.

परवा पारा 8 अंशांच्या खाली होता. खिडकीच्या फटीतून वारा येत असतानाही या एकाच रजईत आई पहाटेपर्यंत शांत झोपली. तिचे गुडघे त्या रात्री दुखले नाहीत, ही माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट आहे. ब्लँकेटमध्ये येणारा घामट ओलावा आणि कोरड्या हवेत बसणारे विजेचे बारीक झटके, हे दोन्ही येथे नाहीत.

कामात एक उणीव राहिली. कडेचे टाके विरळ पडल्याने पायथ्याच्या एका कोपऱ्यातील रुई आठवड्याभरातच सरकली. परत नेल्यावर काकांनी ती पैसे न घेता नीट करून दिली, तरी रजई घरी आणण्यापूर्वी चारही कोपरे हाताने चाचपून पाहावेत, आणि शक्य असेल तर हे काम दिवाळीआधीच द्यावे, कारण डिसेंबरात तेथे आठ-दहा दिवस थांबावे लागते.