‘आजोबा बोटीवर होते’ सांगून विकलेल्या बाहुल्या

देशोदेशीच्या पोशाखातल्या बाहुल्या जमवणाऱ्यांनी हे वाचाच, विशेषतः रत्नागिरी-दापोलीकडच्यांनी. आपल्याकडे वाडीत एखादा तरी माणूस बोटीवर असायचाच. त्यामुळे "आजोबांनी परदेशातून आणलेल्या, आता जुनं घर काढतोय" हे कुणालाही पटतं. मला एकाने व्हॉट्सॲपवर हेच सांगितलं. फोटोत टोकदार पांढऱ्या टोपीतली, हॉलंडमधल्या फोलेंडाम गावची डच बाई, एक जपानी कोकेशी (लाकडी बाहुली), आणखी काही. "मुंबईचं गिऱ्हाईक थांबलंय" म्हणत त्याने बारा हजार यूपीआयवर आगाऊ घेतले. पार्सल खासगी बसने आलं.

डच बाईचा झगा पिवळट, वरवर जुनाच. पण शिवण उसवली तर आतही अगदी तोच रंग. उन्हाने कापड विटतं तेव्हा दुमडीत मूळ रंग शाबूत राहतो. हा चहाच्या पाण्यात बुडवलेला होता, नाकाशी धरला तर चहापत्तीचा वास. पाठीच्या हुकांना चुंबक चिकटलं, म्हणजे लोखंडच, आणि तरी लखलखीत! साठ वर्षं आपल्या खाऱ्या हवेत लोखंड असं राहील?

चेहरा सेल्युलॉइडचा, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकचा, म्हणाला होता. सेल्युलॉइड बोटाने घासून गरम केलं की कापराचा वास येतो, कारण त्यात कापूर असतो. इथे नुसता साध्या प्लास्टिकचा वास. (काडी लावून पाहू नका, खरं सेल्युलॉइड भसकन पेटतं.) कोकेशी जपानमधल्या नारुको गावची सांगितली होती. तिथल्या बाहुलीचं डोकं लाकूड कातायच्या चरकावर फिरत्या धडात दाबून बसवतात, म्हणून मान फिरवली की कुई वाजते. हिची मान गोंदाने चिकटवलेली.

मला जास्त चीड येते ती आजोबांचं नाव वापरल्याची. उमेदीची वर्षं बोटीवर काढलेल्या माणसांच्या ट्रंकांत अशा वस्तू खरंच आहेत. आता त्यांच्या नातवंडांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

घेण्याआधी व्हिडिओ कॉलवर शिवण आतून दाखवायला सांगा, मान फिरवून ऐकवायला सांगा. टाळाटाळ झाली की तिथेच सोडा. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

माझी तक्रार नोंदवून झाली, त्याचा फोन बंद आहे. पण तेच फोटो परवा चिपळूणच्या एका ताईंना दुसऱ्या नंबरवरून आलेत. या वेळी गाव गुहागर सांगितलंय आणि भाव वीस हजार.